आत्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण एकोणतीसचा पाढा येतो. मेंदूत नक्की काय बिघडतं?

आंबेमोहोर (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी आत्या, वय ७४. चिपळूणजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं तिने. दोन महिन्यांपूर्वी सकाळी चहाची कपबशी तिच्या उजव्या हातातून सुटली. हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि बोलणं बंद. आतोबांना वाटलं पित्ताने चक्कर आली. कांदा फोडून नाकाशी धरला. (आमच्याकडे साप सोडून सगळ्यावर कांदा चालतो.) मग जवळच्या एका दवाखान्यात सलाइन लावून तासन्‌तास बसवून ठेवलं. सीटी स्कॅन आहे अशा ठिकाणी पोचेस्तोवर सात तास उलटले. डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली म्हणाले.

आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. बोलण्याचं म्हणाल तर एकच शब्द: ‘ते’. पाणी हवं तरी ‘ते’, पंखा बंद करायचा तरी ‘ते ते’. आपल्याला शब्द सापडत नाही हे तिला कळतं, म्हणून कपाळावर हात मारून घेते.

परवा माझी लेक तिच्याशेजारी बसून पाढे पाठ करत होती. ‘एकोणतीस त्रिक...’ला अडली. आणि आत्या म्हणाली, ‘सत्त्याऐंशी’. स्पष्ट. मग तशीच पुढे दाहेपर्यंत थांबलीच नाही. आम्ही सगळे स्वयंपाकघरातून धावत बाहेर. म्हटलं वाचा आली! ‘आत्या, पाणी म्हण.’ तर पुन्हा ‘ते’.

जीभ तीच, ओठ तेच. मग पाढा येतो आणि पाणी का येत नाही? वाडीतले अर्धे लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय, उरलेले म्हणतात ढोंग करते. दुसऱ्या गटाला काय उत्तर द्यावं ते सांगा. पहिल्यालाही.

रिकामटेकडा

डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा असं वाचलंय. मग डावा मार खाल्ला तर पाढे आधी जायला हवेत ना? आत्याबाईंनी सिद्धान्तच उलटा केला.

स्टेथोवाली

रिकामटेकडा, सिद्धान्त आत्याबाईंच्या आधीच उलटलाय. ‘तुम्ही उजव्या मेंदूचे की डाव्या’ या चाचण्या मोबाइलवर करमणुकीपुरत्या ठीक. दोन्ही अर्धे एकमेकांशी सुमारे २० कोटी तंतूंच्या जुडग्याने जोडलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येक कामात दोघांचा हात असतो. मात्र एक बाब खरोखरच एका बाजूला झुकलेली आहे, ती म्हणजे भाषा. उजखोऱ्या माणसांत १०० पैकी ९५च्या आसपास लोकांची भाषा डावीकडे असते, डावखुऱ्यांतही साधारण ७० जणांची डावीकडेच.

आंबेमोहोर, आधी उजवा हात, तोंड आणि बोलणं एकदमच का गेलं ते सांगते. तुम्ही कोकणातले, तेव्हा पाट आणि वाफे धरून सांगते. मेंदूला गळ्यातून वर जाणाऱ्या रोहिण्या रक्त देतात. त्यांच्यापासून प्रत्येक बाजूला एक मोठा पाट बाहेरच्या अंगाला वळतो, तो मधली मेंदू-रोहिणी. डाव्या पाटाच्या काठावर ओळीने वाफे आहेत: उजव्या चेहऱ्याची हालचाल, उजव्या हाताची हालचाल, आणि त्यांना खेटून पुढे, कपाळाच्या मागच्या भागात, बोलण्याची जुळवाजुळव. त्यामागे कानाच्या वर ऐकलेलं समजून घेण्याचा वाफा. हा पाट पुढे दोन फाट्यांत विभागतो. वरच्या फाट्यात गुठळी अडकली की समजतं पण बोलता येत नाही. खालच्या फाट्यात अडकली तर उलट होतं.

पायाचा वाफा मात्र दोन अर्ध्यांमधल्या फटीत, आतल्या भिंतीवर आहे आणि त्याला पाणी दुसऱ्याच पाटाचं. म्हणून तुमची आत्या चालायला लागली आणि बोटं मागे राहिली. नुसती ही लक्षणं ऐकून सांगता येतं की गुठळी वरच्या फाट्यात असणार. ढोंग करणाऱ्याला रोहिण्यांचा नकाशा पाठ असावा लागेल.

डावीकडे बिघडलं की उजवं अंग का जातं? हालचालीचे तंतू खाली उतरताना मेंदूच्या देठापाशी, मान सुरू होण्याच्या जरा वर, बहुतांश एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात.

खडूफळा

देठाचं खालचं टोक म्हणजे पाठ्यपुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ. मी दहावीला विज्ञान शिकवते. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ हे तीन शब्द पाठ करण्यातच मुलांचं प्रमस्तिष्क थकतं. मोठा मेंदू, लहान मेंदू, देठ म्हटलं की लगेच कळतं, पण पेपरात तसं लिहिलं तर गुण कापावे लागतात. लहान मेंदू म्हणजे तोल सांभाळणारा दुय्यम अवयव असं मीही वर्षानुवर्षं शिकवलं. मग कळलं की मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज त्या मुठीएवढ्या भागात आहेत आणि मोठ्या मेंदूच्या सालीत फक्त १६ अब्ज. वर्गात सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, ‘मग लहान कुणी म्हटलं त्याला?’

जुनाबाजार

धागाकर्ते, तुमच्या आत्याचा ‘ते’ वाचून अंगावर काटा आला, कारण हे शास्त्र सुरूच अशाच एका माणसापासून झालं.

पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण २१ वर्षं होता. तरुणपणापासून फिट्‌स येत, मग वाचा गेली. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘तां, तां’. इस्पितळात त्याचं नावच तां पडलं. समजायचं सगळं. किती वर्षं झाली इथे येऊन म्हटलं तर पंजा उघडमीट करून आकडा दाखवायचा. दहाएक वर्षांनी उजवा हात गेला, मग पाय. १८६१च्या एप्रिलमध्ये पायाला गँगरीन झालं म्हणून पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आणला आणि १७ तारखेला तो वारला, ५१व्या वर्षी. ब्रोकाने कवटी उघडली तर डाव्या बाजूला कपाळामागच्या भागात खड्डा. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे त्याने तो मेंदू ठेवला. काही महिन्यांनी दुसरा रुग्ण मिळाला, ८४ वर्षांचा लेलाँ. त्याला पाचच शब्द यायचे, त्यात एक त्याचं स्वतःचं मोडकं नाव. त्याचाही मेंदू जवळजवळ त्याच जागी खराब. तो पट्टा आजही ब्रोकाचा भाग म्हणून ओळखला जातो.

गंमत पुढे आहे. ब्रोकाने ते मेंदू चिरले नाहीत, स्पिरिटमध्ये जपले. २००७ साली त्याच मेंदूंचं एमआरआय केलं तेव्हा दिसलं की जखम वरवरची नव्हतीच, खूप खोल, आतल्या जोडतंतूंपर्यंत गेलेली होती. म्हणजे ज्या पुराव्यावर ‘बोलण्याचं केंद्र’ उभं राहिलं, तो पुरावाच सांगतोय की केंद्र एकटं काम करत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट: हा तां संतापला की एक अख्खी, व्याकरणशुद्ध शिवी हासडायचा.

कांदाभजी

हे खरंय! आमचे आजोबा अर्धांगानंतर आजीचं नाव विसरले, पण गाडीवाल्याने कट मारला की पूर्वीइतकेच ओघवते. आजी म्हणायची, देवाने चुकीची पेटी वाचवली.

घुमट

उशिरा आलोय. मी वाचा-उपचारक आहे, १५ वर्षं हेच काम. ब्रोका, पाट, सगळं बरोबर सांगितलंय वर. पाढ्याचं कोडं मात्र अजून सुटलं नाही, तर तेवढं धरतो.

तुम्ही ‘मला पाणी हवंय’ म्हणता तेव्हा किती कामं होतात बघा. तहान लागल्याचं ध्यानात यायचं, भाषेच्या कोठारातून ‘पाणी’ नेमकं उचलायचं (दूध नाही, पान नाही), ते वाक्यात बसवायचं, आवाजांची रांग लावायची, मग ओठ-जीभ-घसा यांना मिलिसेकंदांच्या हिशोबाने हुकूम सोडायचे. वाक्य दर वेळी नवं, ताजं रांधलेलं. तुमच्या आत्याचं हेच स्वयंपाकघर उद्ध्वस्त झालंय. रोगाचं नाव वाचाघात.

पाढ्यात हे काही नाही. ३४ वर्षं रोज वर्गभर मुलांबरोबर एकोणतीसचा पाढा म्हटलाय बाईंनी. तो आता वाक्यांचा समूह नाही, एक सलग हालचाल आहे, जिना उतरण्यासारखी. पहिली पायरी मिळाली की पुढची पाय शोधतो. लक्षात घ्या, तुमच्या लेकीने ‘एकोणतीस त्रिक’ म्हटलं, म्हणजे पायरी तिने दिली. त्यात गणितही नाही. आत्यांना सुटे विचारा, २९ गुणिले ३ किती, आणि बघा काय होतं ते.

आरत्या, वारांची नावं, एक ते शंभर, ‘अगं बाई’, ‘नको नको’, शिव्या, हे सगळं या जातीचं. ह्यूलिंग्स जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच ही दोन बोलणी वेगळी काढली: विचार करून रचलेलं आणि आपोआप येणारं. त्याच्याही आधी, १७४५ साली, स्वीडनमध्ये दालिन नावाच्या लेखकाने एका माणसाची नोंद केली होती. उजवं अंग लुळं, बोलता येईना, पण कुणी सुरुवात करून दिली की चर्चमधली स्तोत्रं गायचा.

हे आपोआपचं बोलणं कुठे राहतं? एक उलटी केस सांगतो, तिने मला पटलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेली. हिब्रू आणि फ्रेंच बोलणारा उजखोरा म्हातारा. त्याला आघात झाला तो उजव्या बाजूला, तोही मेंदूच्या गाभ्यातल्या तळगाठींत. सवयीच्या हालचाली सांभाळणारा भाग तो. त्याचं गप्पा मारणं व्यवस्थित राहिलं. गेलं काय? जन्मभर रोज म्हटलेल्या प्रार्थना. आकडे ओळीने म्हणणं अडखळायला लागलं, शिव्यासुद्धा देता येईनात. म्हणजे तुमच्या आत्याची बरोबर आरशातली प्रतिमा.

रिकामटेकडा

म्हणजे मी सांगितलेलं अर्धं बरोबर निघालं, उजवीकडे काहीतरी आहेच.

घुमट

अर्धं नाही, पावकी. :) एका रुग्णावरून ‘पाढे उजवीकडे असतात’ असं म्हणता येत नाही.

पायलीभरज्वारी

आमच्या सोलापूर भागात याची उलट तऱ्हा पाहिली. मामा आघातानंतर धडाधड बोलायचे. चाल, सूर, हातवारे सगळं मामांचं. पण अर्थ शून्य. ‘त्या किंगरीला पलंगून टाका की’ असली वाक्यं. स्वतः काय बोलतोय ते त्यांना कळायचंच नाही, आणि आम्हाला समजलं नाही म्हणून आमच्यावरच चिडायचे. अंग कुठेही लुळं नाही, त्यामुळे आघात झालाय हेच कुणाला पटेना. पहिल्यांदा तर मानसोपचाराच्या वॉर्डात ठेवलं होतं. किती दिवस वाया गेले!

स्टेथोवाली

हाच तो खालचा फाटा. कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरने १८७४ साली हा प्रकार सांगितला तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. कानाच्या वरचा-मागचा भाग जातो. हालचालीचे वाफे दूर असल्यामुळे हातपाय शाबूत. म्हणून हे रुग्ण बऱ्याचदा ‘वेडे’ ठरतात. अचानक, आज सकाळपासून, असंबद्ध बोलायला लागलेल्या वयस्क माणसाचा आधी मेंदूचा स्कॅन. एवढं तरी इथल्या वाचकांनी लक्षात ठेवा.

वेळेचंही सांगून टाकते, कारण वर सात तास वाचून पोटात कालवलं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा २० टक्के खातो आणि साठवून काहीच ठेवत नाही. मोठी रोहिणी बंद झाली की मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. मोठ्या रोहिणीतली गुठळी तार घालून ओढून काढता येते, सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत स्कॅन बघून २४ तासांपर्यंत. चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन, आणि थेट सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी. सुरुवात किती वाजता झाली ते कागदावर लिहून सोबत न्या. झोपेत झालं असेल तर शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ.

घरात ॲस्पिरिन असेल ती देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, ते बाहेरून कळत नाही. रक्तस्राव असेल तर तीच गोळी जीव घेईल.

पायलीभरज्वारी

कांदाही नको ना?

स्टेथोवाली

कांदा, पाणी, चहा, काही नको. गिळण्याचे स्नायूही गेलेले असू शकतात, घोट फुफ्फुसात उतरतो.

दुसऱ्यावर्षाची

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचतेय आणि थोडी शरमतेय, कारण परीक्षेसाठी या सगळ्याची नावं घोकली, पण पायाचा वाफा वेगळ्या पाटावर का हे आज कळलं. एक माझ्याकडून: विच्छेदनगृहात मिळणारा मेंदू फॉर्मेलिनमुळे रबरासारखा घट्ट असतो. शवविच्छेदनाच्या वेळी ताजा पाहिला तेव्हा धक्का बसला. खरवसासारखा. टेबलावर ठेवला तर स्वतःच्या वजनाने पसरतो. असला लिबलिबीत पदार्थ पाण्यात तरंगत ठेवलाय म्हणून टिकतो. बाहेर साधारण १४०० ग्रॅमचा असलेला मेंदू त्या द्रवात जेमतेम ५० ग्रॅमचा भार टाकतो.

सीमाभाग

बेळगावहून. सासरे मराठी शाळेत शिकले, दुकान कानडी पेठेत, हिशोब इंग्रजीत. वाचाघातानंतर पहिले दोन महिने फक्त कानडी यायची. सासूबाई हिरमुसल्या, त्यांच्याशी ४० वर्षं मराठीत संसार केला! हे कसं?

घुमट

यावर दीडशे वर्षं वाद आहे. रिबो हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणायचा, आधी शिकलेली भाषा टिकते. पीत्र या फ्रेंच डॉक्टरने १८९५ साली म्हटलं, आजारापूर्वी जी जास्त वापरात ती आधी परत येते. सासऱ्यांच्या बाबतीत दुकान जिंकलेलं दिसतंय. प्रत्यक्षात दोन्ही नियमांना अपवाद खोऱ्याने मिळतात. बऱ्याच जणांच्या सगळ्या भाषा सारख्याच प्रमाणात परततात. भाषांचे वेगवेगळे कप्पे नसतात, एकाच जाळ्यातून कुठली भाषा पुढे करायची आणि कुठली दाबायची याचा ताबा सुटतो. सासूबाईंना सांगा, मनावर घेऊ नका.

तिसराडोळा

कुणी मध्यमेंदू जागृतीच्या वर्गाचा विचार केलाय का? भाच्याला लावलाय, डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखतो. आत्यांनाही उपयोग होईल.

खडूफळा

भाच्याच्या नाकाशेजारच्या फटीवर बोट ठेवा आणि मग रंग विचारा. मध्यमेंदू म्हणजे देठाच्या वरच्या टोकाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा. डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं लहानमोठं होणं, हालचालींना लागणारं डोपामीन, ही त्याची कामं. तो झोपलेला असता तर भाचाही उठला नसता. विषयांतर थांबवते.

आंबेमोहोर

सगळ्यांचे आभार. घुमट, तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं. २९ गुणिले ३ किती विचारलं तर ‘ते’. मग मी ‘एकोणतीस एके’ म्हटलं, तर गाडी सुरू. ढोंगवाल्या शेजाऱ्यांना समोर बसवून दाखवलं. गप्प झाले, पण आता आरती म्हणून दाखवा असा आग्रह धरतात, म्हणजे नवीनच त्रास.

यातून परत बोलणं शिकवता येतं का? गाण्यातून?

घुमट

येतं, पण चमत्कार समजू नका. १९७३ साली बॉस्टनमध्ये एक पद्धत निघाली. रोजची छोटी वाक्यं दोनच सुरांत, लय धरून म्हणायची, रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ताल द्यायचा. आधी उपचारकाच्या सोबत, मग त्याच्या मागून, मग सूर हळूहळू काढून टाकायचा. फायदा सुरांचा की तालाचा यावर अजून भांडण आहे. २०११ साली लाइपझिगच्या संशोधकांनी तालाच्या आणि पाठ असलेल्या शब्दांच्या बाजूने कौल दिला. माझा अनुभवही तसाच. ताल पकडला की निम्मं काम होतं.

तुमच्यासाठी मात्र त्याहून सोपी वाट आहे, कारण बाई मास्तरीण. आकड्यांची, वारांची, महिन्यांची रांग त्यांच्याकडे शाबूत आहे. हवा तो शब्द थेट येत नसेल तर त्या रांगेत शिरायचं आणि तिथे थांबायचं. चालत्या गाडीतून हव्या स्टेशनवर उतरण्यासारखं. थांबणं हेच कठीण, तेच शिकवावं लागतं. दिवसातून चार-पाच वेळा, दहा मिनिटं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतर दार बंद होत नाही. दोन-तीन वर्षांनी नवे शब्द मिळवलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. आणि तीन पथ्यं: मोठ्याने ओरडून बोलू नका, कान ठीक आहेत. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, मोजून दहा सेकंद थांबा. ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ निघू शकतं, म्हणून शब्दावर नाही, मानेवर आणि अंगठ्यावर विश्वास ठेवा.

कांदाभजी

दहा सेकंद गप्प बसणं आमच्या घरात कुणालाच जमणार नाही, वाचाघात नसलेल्यांना तर नाहीच.

आंबेमोहोर

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

पोळ्यांचं जमलं. आतोबा विचारतात किती वाढू, आत्या ‘एक, दोन’ म्हणते आणि ओठ घट्ट मिटते. सुरुवातीला दहापर्यंत धावत जायची आणि स्वतःच हसायची. आतोबाही मुद्दाम दहा पोळ्या पुढे ठेवायचे.

‘पाणी’ अजून नाही. ‘पा’ येतो, तोही टेबलावर बोट आपटलं तर.

काल दुपारी जेवायला बसलो तर तिने ताट सरकवलं. आतोबांनी विचारलं, बरं नाही का? ‘ते’. भूक नाही? ‘ते ते’, आणि कपाळावर हात. मी दहा सेकंद मोजले. मग तिने डावा हात मांडीवर आपटायला सुरुवात केली आणि म्हणाली, ‘सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.’ आणि थांबली.

आम्ही एकमेकांकडे बघतोय. लेक ओरडली, ‘आजीचा उपास!’ ४० वर्षं गुरुवार धरते ती, आजारपणात आम्हीच विसरलो होतो. आतोबा उठले आणि साबुदाणा भिजवलाच नाही म्हणून शेंगदाण्याचे लाडू शोधायला लागले.